चीनच्या प्रगतीचं श्रेय घट्ट मुठीला देण्याआधी

माझा एक मावसभाऊ यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा करतो आणि वर्षातून दोनदा ग्वांगझौच्या व्यापारी मेळ्याला जातो. परत आला की घरातल्या जेवणात एक वाद ठरलेला. तो म्हणतो, "तिथे एक माणूस ठरवतो आणि काम होतं. आपल्याकडे ठरवायलाच पाच वर्षं जातात. आपल्याला तसाच कुणीतरी पाहिजे." समोरून धाकटा काका उसळतो, "ते सगळे आकडे खोटे, सगळा देखावा." मग भाऊ फोन काढून रेल्वे स्थानकांचे फोटो दाखवतो, काका सेन्सॉरशिपवर येतो, आणि पानं वाढली गेली की दोघंही गप्प बसतात. या दिवाळीतही तेच झालं.

मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे असं वाटतं. चीनची प्रगती खोटी नाही. कोट्यवधी माणसं एका पिढीत दारिद्र्यातून वर आली, हे नाकारणाऱ्याने आधी त्या माणसांची माफी मागावी. पण ही प्रगती एका माणसाच्या दंडुक्यातून आली, हेही खरं नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ही म्हण आपण राष्ट्रांना लावतो, आणि चीनचा दाखला देतो. चीनचा दाखला नेमका उलटा आहे. तिथे भात पिकला, कारखाने चालले, पैसा खेळू लागला तो राज्यकर्त्यांनी मूठ सैल केली तेव्हा. आणि हे ज्याच्या एका आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसतं, त्या माणसाचं नाव आपल्या वादात कधी येत नाही, कारण त्याच्याच पक्षाने ते पुसून टाकलं. ते नाव झाओ झियांग. १९८० ते १९८७ चीनचे पंतप्रधान, मग जून १९८९पर्यंत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ, स्वतःच्या घरात कैदी.

त्यांना संत ठरवायचा माझा इरादा नाही. माझा मुद्दा तर त्यांच्या सर्वांत काळ्या पानापासूनच सुरू होतो. १९५९च्या जानेवारीत झाओ ग्वांगडोंग प्रांताच्या पक्षनेतृत्वात होते. उत्पादन झपाट्याने वाढवण्याची माओंची 'महान झेप' ही मोहीम सुरू होती, गावोगाव कम्यून, म्हणजे सामुदायिक शेतीचे गट, उभे राहिले होते, आणि वर पाठवलेले पिकांचे आकडे इतके फुगले होते की सरकारी कोठारात तेवढं धान्य येईना. मग धान्य गेलं कुठे? पीक आलंच नाही असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. तेव्हा उत्तर निघालं की शेतकऱ्यांनी लपवलं. झाओ लेईनान जिल्ह्यात गेले, सभा लावल्या, खालच्या कार्यकर्त्यांवर दबाव आणला आणि 'लपवलेलं' धान्य बाहेर निघाल्याचा अहवाल दिला. माओंना तो इतका आवडला की त्यांनी तो देशभर फिरवला. पुढच्या दोन वर्षांत चीनमध्ये भुकेने किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या मरणांतला आपला वाटा झाओंना कधीच नाकारता आला नसता.

आता तोच माणूस सोळा वर्षांनी बघा. मधल्या काळात माओंनी पेटवलेल्या सांस्कृतिक क्रांतीत झाओंची ग्वांगझौच्या रस्त्यांवरून कागदी टोपी घालून धिंड निघाली होती, 'जमीनदार वर्गाचा सडका अवशेष' म्हणून. हेनान प्रांतातल्या जमीनदार घरातला जन्म तेव्हा असा अंगावर आला. मग हुनानमधल्या एका यंत्रांच्या कारखान्यात चार वर्षं फिटर म्हणून हातात पाना. १९७१मध्ये अचानक बोलावणं आलं, आणि १९७५मध्ये त्यांना सिचुआनचा कारभार मिळाला. ज्या प्रांताचं नाव आपल्या गल्लीतल्या गाडीवर 'शेजवान' होऊन बसलं आहे, तोच हा प्रांत. चीनचं भाताचं कोठार म्हणवणारा, आणि तरीही मोठ्या दुष्काळात देशात सर्वाधिक बळी देणारा. लोकसंख्या दहा कोटींच्या घरात. झाओंनी तिथे काही नवं बी आणलं नाही की प्रचंड धरण बांधलं नाही. त्यांनी शेतकऱ्याला घरामागचा तुकडा कसू दिला, जोडधंदा करू दिला, आणि पुढे कुटुंबाकडे जमीन कसायला देण्याच्या वाटेतून बाजूला झाले. १९८०मध्ये ग्वांगहान तालुक्यातल्या शियांगयांग गावात कम्यूनची पाटी दारावरून उतरवली गेली. चीनमध्ये अशी उतरलेली ती पहिली पाटी मानतात. लाकडाची एक फळी खाली आली, एवढंच. पण त्या फळीखाली वीस वर्षं माणसं ठरवून दिलेलं पेरत होती आणि ठरवून दिलेलं खात होती.

लोकांत एक कोटी रुळली: भात हवा तर वान लींना शोधा, धान्य हवं तर झियांगना शोधा. वान ली शेजारच्या नव्हे, दूरच्या आन्हुई प्रांतात हेच करत होते. त्याच प्रांतातल्या शियाओगांग गावात १९७८च्या डिसेंबरात अठरा शेतकऱ्यांनी जमीन गुपचूप वाटून घेतल्याच्या कागदावर अंगठे उठवले होते, पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळू अशा बोलीवर. हुकूम वरून खाली आला नव्हता. खालून वर गेला, आणि वर बसलेल्या दोनचार माणसांनी तो चिरडला नाही. १९७८मध्ये चीनचं धान्य उत्पादन सुमारे ३० कोटी टन होतं, १९८४मध्ये ४० कोटी टनांच्या वर गेलं. १९५९मध्ये हाच पक्ष होता, हीच शिस्त होती, झाओही हेच होते. एकदा पदरात दुष्काळ पडला, एकदा भरलेली कोठारं. मग फरक कशाने पडला? घट्ट मूठ दोन्ही वेळी हाताशी होती, आणि वापरली गेली तेव्हा माणसं मेली.

यावर माझ्या भावाचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते वजनदार आहे. तो म्हणतो, सैल करायलाही ताकद लागते. माओंनंतर देशाची सूत्रं हाती घेतलेले डेंग शिआओपिंग यांच्यासारखा माणूस डोक्यावर नसता तर झाओंचा प्रयोग सिचुआनच्या डोंगरांबाहेर आला असता का? नसता आला, हे मी मान्य करतो. कर्मठ मंडळींना डेंगनीच आवरलं, झाओंना १९८०मध्ये पंतप्रधानपदी त्यांनीच बसवलं. आणखी एक गोष्ट मान्य करतो, जी आमच्याकडच्या चीनविरोधकांना आवडत नाही. माओंच्या काळात शाळा आणि प्राथमिक आरोग्य खेड्यापर्यंत पोहोचलं. आयुर्मान चाळिशीच्या आतून साठीच्या पुढे गेलं. सुधारणा सुरू झाल्या तेव्हा कारखान्याच्या दारात उभी राहिलेली मुलगी साक्षर आणि धडधाकट होती, हे त्या जुन्या राजवटीचं देणं. भारताने याच बाबतीत हयगय केली आणि त्याची किंमत आपण आजही मोजतो.

पण मग एक प्रश्न उरतोच. डेंग यांची ताकद नेमकी कशासाठी खर्ची पडली? कारखान्याने काय बनवायचं हे सांगण्यासाठी नव्हे, तर ते सांगणाऱ्यांना गप्प बसवण्यासाठी. १९७८च्या ऑक्टोबरात सिचुआनमध्ये सहा सरकारी कारखान्यांना सांगितलं गेलं की ठरलेलं उत्पादन द्या, वरच्या नफ्यातला काही वाटा तुमचा, त्यातून कामगारांना बोनस द्या. वर्षभरात सहाचे शंभर झाले. आणि सर्वांत मोठी झेप तर अशा ठिकाणी झाली जिथे कुणाचं लक्षच नव्हतं. गावागावांत विटा, विणकाम, सायकलीचे भाग, खेळणी असे छोटे उद्योग उगवले. १९७८मध्ये त्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास माणसं होती, १९८८मध्ये साडेनऊ कोटी. १९८७मध्ये एका युगोस्लाव पाहुण्याशी बोलताना डेंग यांनी स्वतःच कबूल केलं की हे आपल्या डोक्यातून आलेलं नाही, केंद्राने केलेलं नाही, हे आम्हाला अनपेक्षित होतं. ज्या माणसाला आपण सगळं श्रेय देतो, तो ते घ्यायला तयार नव्हता. आपणच त्याच्या खिशात ते कोंबतो आहोत.

दुसरा आक्षेप झाओंच्या कारभारावरचा, आणि तो खरा आहे. १९८८मध्ये महागाई अठरा टक्क्यांच्या वर गेली. किमती मोकळ्या होणार अशी बातमी फुटताच लोकांनी बँकांतून पैसे काढून दुकानं रिकामी केली. सरकारी दर आणि बाजारभाव असे दोन दर एकाच मालाला होते. ज्याचा हात सरकारी कोट्यापर्यंत पोहोचे तो पोलाद स्वस्तात उचलून बाजारात महाग विकायचा. बड्या अधिकाऱ्यांची मुलं यात गब्बर झाली, आणि झाओंच्या मुलांचीही नावं लोक घेत. १९८९च्या वसंतात बीजिंगचे विद्यार्थी तिआनमेन चौकात उतरले ते नुसत्या स्वातंत्र्याच्या घोषणा घेऊन नाही, या लुटीविरुद्धही. अर्थकारण झाओंच्या हाताखाली होतं, तेव्हा दोषही त्यांच्या पदरात पडतो.

आता ही लूट कशामुळे शक्य झाली ते पाहा. माल मोकळा सोडला पण मालावर सही करणारा अधिकारी मोकाट राहिला. त्याला प्रश्न विचारणारं वर्तमानपत्र नाही, त्याला खेचणारं न्यायालय नाही, त्याला पाडणारं मत नाही. झाओंना हे कळलं होतं असं मी म्हणतो त्याला आधार आहे. १९८७मध्ये पक्षाच्या तेराव्या अधिवेशनात त्यांनी जो अहवाल मांडला त्यात पक्ष आणि सरकार वेगळे करण्याची, नोकरभरती स्पर्धेतून करण्याची, सामाजिक गटांशी सल्लामसलत आणि संवाद करण्याची भाषा होती. त्यामागे त्यांचे सहकारी बाओ तोंग यांचं कार्यालय राबत होतं. हे बहुपक्षीय लोकशाहीचं नाव नव्हतं. त्या वेळचे झाओ लोकशाहीवादी नव्हते, उलट त्यांच्या भोवतालच्या विचारवंतांत खंबीर नेत्याच्या हाताखाली बाजार आणण्याची चर्चा रंगत होती, म्हणजे माझ्या भावाचंच मत. हू याओबांग यांना १९८७च्या जानेवारीत सरचिटणीसपदावरून काढलं गेलं तेव्हा ती खुर्ची झाओंनीच घेतली, हेही विसरू नये. पण पाच वर्षांपूर्वी कल्पनेत नव्हती अशी एक फट त्या अहवालात उघडली होती. १९८९नंतर ती लिंपली गेली. लूट मात्र थांबली नाही, वाढली. इतकी की पुढच्या प्रत्येक नेत्याला भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम काढावी लागते, आणि दर मोहिमेत मंत्री, सेनापती सापडतातच. घट्ट मूठ भ्रष्टाचार आवळते, तर तो संपत का नाही?

मग येतो सर्वांत जड आक्षेप. तो आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत हलक्या आवाजात मांडला जातो: ४ जून १९८९ला बीजिंगमध्ये आंदोलकांवर लष्कराने गोळीबार केला ते वाईट झालं, पण झालं नसतं तर चीनचा सोव्हिएत संघ झाला असता. मला या वाक्याची भीती वाटते, कारण ते बोलणारी माणसं चांगली असतात. सोव्हिएत संघ १९९१मध्ये फुटला, हे खरं. अराजकाची चिनी माणसाला वाटणारी भीतीही खोटी नाही. ज्या पिढीने सांस्कृतिक क्रांतीत पोरांच्या टोळ्यांना शिक्षकांना मारताना पाहिलं, तिला चौकात जमलेल्या पोरांची धास्ती वाटणं समजू शकतं. डेंग यांचा स्वतःचा मुलगा त्या काळात इमारतीवरून पडून कायमचा पंगू झाला होता.

पण सोव्हिएत संघ फुटला तो तिथल्या दुकानात पाव नव्हता आणि पंधरापैकी अनेक प्रजासत्ताकांना बाहेर पडायचं होतं म्हणून. चीनमध्ये त्या दहा वर्षांत कोठारं भरली होती आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एकाच हान समाजाचे होते. तुलना करायचीच तर शेजारी करा. १५ जुलै १९८७ला तैवानने अडतीस वर्षांचा लष्करी कायदा उठवला. त्याच वर्षी दक्षिण कोरियात लोक रस्त्यावर आले आणि वर्षअखेर त्यांनी थेट मतदानाने अध्यक्ष निवडला. दोन्ही देश फुटले नाहीत, भिकेलाही लागले नाहीत. ज्या टीएसएमसीच्या चिपशिवाय आज चीनचं आणि अमेरिकेचंही पान हलत नाही, ती कंपनीही तैवानमध्ये १९८७चीच. तिथेही आधी हुकूमशाहीतच कारखाने उभे राहिले ना, असं कुणी म्हणेल. राहिले. पण दक्षिणेपेक्षा उत्तर कोरियाची मूठ कितीतरी घट्ट होती. मुठीनेच देश घडत असता तर आज प्योंगयांग सर्वांत श्रीमंत असायला हवं होतं.

आणि खुद्द चीनचं काय झालं? जून १९८९मध्ये रणगाडे फिरले, झाओ गेले, कर्मठांच्या हाती सूत्रं आली. १९८९ आणि १९९० या दोन्ही वर्षी वाढीचा दर चार टक्क्यांच्या आसपास घसरला. आधीच्या दशकभरात चीनने पाहिलेल्या दराच्या निम्म्याहूनही कमी. सुधारणांची गाडी पुन्हा हलली ती १९९२च्या सुरुवातीला सत्त्याऐंशी वर्षांचे डेंग दक्षिणेत, शेन्झेनला जाऊन पुन्हा 'मोकळं सोडा' म्हणाले तेव्हा. म्हणजे गोळीबाराने वाढ आली नाही. गोळीबारानंतर ती मंदावली होती.

आपल्याशी संबंध काय, असं विचारलं तर मी बहात्तरच्या दुष्काळाकडे बोट दाखवीन. मराठवाड्यातली आमची आजी खडी फोडायला गेलेली, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी तिच्या बोलण्यातून कधी गेली नाही. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. भ्रष्टाचार होता, हजेरीपटात घोळ होते, हाल तर विचारू नका. पण 'पीक आलं नाही' असं म्हणायला तहसीलदार घाबरत नव्हता, मोर्चे निघत होते, पेपरात छापून येत होतं, विधिमंडळात आमदार ओरडत होते. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. लेईनानच्या शेतकऱ्याला एवढंच मिळालं असतं, म्हणजे ओरडायची मुभा, तर झाओंचा तो अहवाल निघाला असता का? आपले रस्ते रखडतात, पूल पडतात, ठेकेदार हसतात, याचा मलाही संताप येतो. पण तो संताप ज्याला कुणीच जाब विचारू शकत नाही असा माणूस आणून शमेल, हे कुठल्या हिशोबात बसतं?

१७ मे १९८९ला डेंग यांच्या घरी बैठक झाली आणि लष्करी कायद्याचा निर्णय झाला. झाओ म्हणाले, मला हे करता येणार नाही. तिथे त्यांची कारकीर्द संपली, आणि ते त्यांना ठाऊक होतं. १९ मेच्या पहाटे, पाचच्या सुमारास, ते चौकात उपोषणाला बसलेल्या मुलांकडे गेले. त्या वेळचा फोटो पाहण्यासारखा आहे: हातात छोटा ध्वनिक्षेपक, चेहरा थकलेला, आणि मागे वेन जियाबाओ, जे पुढे दहा वर्षं चीनचे पंतप्रधान झाले. आम्ही फार उशिरा आलो, झाओ मुलांना म्हणाले. उपोषण सोडा, तुम्ही तरुण आहात, आम्ही म्हातारे झालो, आमचं काही नाही. माफीच्या त्या शब्दांत मला लेईनान ऐकू येतं. त्यांच्या मनात तेव्हा ते होतं की नाही हे कुणी सांगू शकणार नाही, पण शेतकऱ्यांवर हात उगारून वर चढलेला माणूस तीस वर्षांनी मुलांवर हात उगारायला नकार देत होता, एवढं मात्र घडलं.

पक्षाने त्यांच्यावर दंगलीला पाठिंबा आणि पक्षात फूट पाडल्याचा ठपका ठेवला. चूक कबूल केली असती तर काही सवलत मिळाली असती. त्यांनी केली नाही. बीजिंगमधल्या फूचियांग गल्लीतल्या चौकाच्या घरात त्यांना ठेवलं गेलं. दारावर पहारा, भेटीला परवानगी, अंगणात जाळीत गोल्फचे चेंडू मारायचे. तिथे साधारण २०००च्या सुमारास त्यांनी नातवंडांची गाणी आणि पीकिंग ऑपेरा असलेल्या कॅसेट घेतल्या आणि त्यांच्यावरच आपलं म्हणणं टेपवर भरलं. तासाभराच्या सुमारे तीस कॅसेट, पेन्सिलीने फिकट आकडे टाकलेल्या. मित्रांनी एकेक करून त्या बाहेर नेल्या आणि २००९मध्ये जगाला त्यांचं म्हणणं वाचायला मिळालं. उमेदीच्या काळात खंबीर हाताखाली बाजार आणू पाहणारा हा माणूस शेवटी या निष्कर्षाला आला होता की बाजार टिकवायचा, भ्रष्टाचार रोखायचा तर संसदीय लोकशाहीहून चांगली वाट दिसत नाही. हे कुणा पाश्चात्त्य प्राध्यापकाचं मत नाही. चिनी अर्थव्यवस्था ज्याने हाताने उघडली त्याचं आहे. मावसभावाला मी यंदा एवढंच म्हणालो की तू ज्या ग्वांगडोंगला माल आणायला जातोस, तिथे हा माणूस प्रांताचा प्रमुख होता, त्याचं ऐकून तरी घे. त्याने नाव कधी ऐकलं नव्हतं.

१७ जानेवारी २००५ला झाओ वारले, पंच्याऐंशी वर्षांचे होऊन. सरकारी वृत्तसंस्थेने चार ओळींत 'कॉम्रेड' म्हणून बातमी दिली, त्यांनी भूषवलेल्या पदांचा उल्लेख न करता. अंत्यसंस्कारात श्रद्धांजलीचं भाषण झालं नाही, कारण त्यात काय म्हणायचं यावर पक्ष आणि कुटुंब यांचं जमलं नाही. अस्थी घरीच राहिल्या, चौदा वर्षांहून जास्त. १८ ऑक्टोबर २०१९ला, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांनी बीजिंगबाहेर चांगपिंगमधल्या एका खासगी दफनभूमीत त्या आईच्या अस्थींबरोबर ठेवल्या.